वाजवील त्यानं चना द्यावा

माझ्या लग्नाला भाड्यानं घोडी मिळेना म्हणून माझ्या बापानं घोडीच विकत आणली, असं मी सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटतं, घरची काही मोठी आसामी असावी. तसं काही नव्हतं. मी घाटंजीच्या एका जिनात कापूस वाहत होतो आणि बा दुसऱ्याच्या वावरात राबत होता. पण आमच्या गावात नवरदेवाला घोडीवर बसवून मधल्या रस्त्यानं वेशीपर्यंत मिरवायची रीत होती, आणि ती आमच्या वस्तीच्या वाट्याला कधी आली नव्हती. आमचे नवरदेव गावाला वळसा घालून, मागच्या पांदणीच्या चिखलातून पायी जायचे. बासुद्धा तसाच गेला होता, नव्या वहाणा हातात धरून.

नागपूरला जाऊन दीक्षा घेतल्यावर पुष्कळ गोष्टी सुटल्या. मेलेली ढोरं ओढणं सुटलं, दुसऱ्याच्या दारात डफडं वाजवणं सुटलं. माझ्या आज्याचं डफडं खुंटीला टांगलं ते टांगलंच राहिलं. आजा जन्मभर दुसऱ्यांच्या नवरदेवांच्या घोड्यापुढे ते बडवत चालला होता. माझं लग्न ठरलं तेव्हा बा जेवता जेवता म्हणाला, "पोट्टा मधल्या रस्त्यानं जाईन. घोडीवर."

माय म्हणाली, "जाईन नं. पन घोडी कोन देईन?"

कोणी दिली नाही. वरातीला घोडी देणारे बाजारात दोघंच होते. गावाचं नाव आणि रस्ता ऐकला की एकाची घोडी आजारी पडायची आणि दुसऱ्याची गाभण राहायची. तेव्हा बा उठला आणि उमरखेडच्या एसटीत बसला. तिकडच्या एका तांड्यात त्याच्या ओळखीचा एक म्हातारा होता. त्या लोकांचे वाडवडील पूर्वी बैलांवर धान्य लादून फौजांच्या मागे मुलूखभर हिंडत. आता तेही आमच्यासारखेच आभाळाकडे पाहत कापूस पेरत होते. त्या म्हाताऱ्याकडून बा एक घोडी घेऊन पायी पायी परत आला.

चित्रातल्या घोड्याची आशा मी केली होती. ही निघाली बुटकी, विटकरी रंगाची, पोट सुटलेली. म्हातारा तिला 'याडी' म्हणायचा. त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई. बानं तेच नाव चालू ठेवलं. माय म्हणाली, "एक सासू गेली तं यानं दुसरी आनून बांधली." पण संध्याकाळी भाकरीचा पहिला तुकडा तिनंच तिच्यापुढे धरला, हे मी पाहिलं.

याडी जगातल्या प्रत्येक वस्तूला भ्यायची. वाळत घातलेलं लुगडं हललं की भ्यायची, उघडलेल्या छत्रीला भ्यायची, हौदात दिसणाऱ्या स्वतःच्या तोंडालासुद्धा भ्यायची. पहिल्याच दिवशी शेजारच्या बाईच्या हातून घमेलं पडलं, तर हिनं खुंटा उपटला आणि थेट तुरीच्या वावरात जाऊन उभी राहिली. मला तर घाम फुटला. मधल्या रस्त्यावर कोणीतरी काहीतरी करणार, हे वस्तीत सगळ्यांना ठाऊक होतं. घोडी उधळली, मी भर गावात तोंडावर आपटलो, की गाव पोट धरून हसणार आणि त्यानंतर वस्तीतला एकही बाप आपल्या पोराला घोडीवर बसवायचं नाव काढणार नाही. मी बाला म्हटलं, "बा, मी पायीच जातो. मधल्या रस्त्यानं जाईन, पन पायी जाईन."

बा हसला. महायुद्धात तो फौजेबरोबर ब्रह्मदेशात गेला होता, घोडी आणि खेचरं सांभाळायला. घरी तो त्याबद्दल बोलत नसे. त्या दिवशी मात्र बोलला. "घोडा शूर नसते रे. गवत खानारं जनावर, त्याले पयनंच येते फक्त. लढाईत जाते थो शूर म्हून नाही जात. शेजारचा घोडा उभा हाय म्हून उभा राह्यते. वर बसलेला मानूस भेत नाही म्हून चालते. अन् त्याले शिकवा लागते."

मी शाळेत घोडदळाच्या लढाया पाठ केल्या होत्या. कोणाची किती फौज, कोणी कुठली खिंड अडवली, सगळं तोंडपाठ. त्यात घोडा भ्याला होता असं कुठं आलं नव्हतं. माशी बसली तरी ज्याच्या अंगाची कातडी थरथरते, त्या जनावराला हजारो वर्षं माणसानं तलवारींपुढे आणि तोफांपुढे नेऊन उभं केलं. ते उभं राहिलं, आणि आपण त्याचं शौर्य म्हणून पोवाडे गायलो. बाचं बोलणं ऐकल्यावर मला पहिल्यांदाच त्या घोड्यांची दया आली.

शिकवायची रीत सोपी होती. रात्री चना भिजत घालायचा. सकाळी तो टम्म फुगला की घोडीपुढे ठेवायचा, आणि ती खात असताना लांबून, अगदी हळू, डबा वाजवायचा. ती मान वर करून पळायला लागली तर थांबायचं. खायला लागली तर पुन्हा वाजवायचा. दुसऱ्या दिवशी थोडं जवळून. बानं त्यासाठी आज्याचं डफडं खुंटीवरून काढलं. वस्तीतल्या एकदोघांनी नाराजी दाखवली, की सोडलं ते सोडलं. बा म्हणाला, "दुसऱ्याच्या घोड्यापुढं वाजवनं सोडलं. ही आपली हाय."

त्यात त्यानं एक नियम घातला. वाजवील त्यानं चना द्यावा. ज्यानं आवाज केला त्यानं स्वतःच्या तळहातावर चना घेऊन घोडीला चारायचा, चुकवायचं नाही. मग काय, सगळी वस्ती लोटली. बाया थाळ्या घेऊन आल्या, पोरं घासलेटचे डबे घेऊन आली, एका म्हातारीनं तर खलबत्ता आणला. प्रत्येकाला बा एकच गोष्ट सांगायचा, "हात सपाट ठेव. बोटं वर करू नको." माय म्हणायची, "घरात मानसाले भाकर नाही पुरत अन् घोडी चना खाऊन राह्यली." आणि रात्री चना तीच भिजत घालायची.

एकदा एक पोरगं डबा बडवून तसंच पळून गेलं. चना दिलाच नाही. बा त्याच्या मागे गेला, कान धरून त्याला परत आणलं आणि त्याच्याकडून चना चारवला. बा पोरांवर कधी हात उचलत नसे, म्हणून मला नवल वाटलं. मी म्हटलं, "एका दिवसानं काय होते बा?"

तो घोडीच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "तिकडं फौजेत आमीच घोड्याहीले असं शिकवलं. डबे वाजवले, चना चारला. आवाज झाला का चना येते, असं त्याहीच्या डोक्यात बसवलं. मंग घेऊन गेलो. तिकडं खरेच आवाज झाले. पयून गेले नाहीत रे ते. कान टवकारून चन्याची वाट पाहत उभे राह्यले." मग याडीच्या मानेवर थाप मारून म्हणाला, "हिले नाही फसवायचं."

माझ्या बापानं इतकी वर्षं हे पोटात ठेवलं होतं आणि मी आपला पडण्याच्या भीतीनं रडत होतो. त्या दिवसापासून मी तिच्या पाठीवर बसायला लागलो. पडलो, पुन्हा बसलो. बा शेजारी उभा राहून म्हणायचा, "श्वास सोड. तू भेला का तुह्या अगोदर तिले कयते."

लग्न जवळ येईपर्यंत याडीचं सगळं उलटंच झालं. आवाजाला पळणं राहिलं दूर, आवाज झाला की ती तिकडेच निघायची. एकदा फाट्यावर एसटी मोठ्यानं फटफटली, तर ही दोर तोडून तिथं हजर, आणि ड्रायव्हरच्या खिडकीत तोंड घालून उभी. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. मग तर ती जागची हलेचना. शेवटी बा चन्याची पिशवी घेऊन धावत गेला आणि त्या बिचाऱ्या ड्रायव्हरला तिला चारावं लागलं, तेव्हा कुठं गाडी निघाली.

लग्नाला निघायच्या दिवशी दुपार कलली होती. मला पांढरा सदरा, पांढरं धोतर घातलं. वाजंत्री नव्हतीच. बानं सक्त ताकीद दिली होती, "आज कोनी वाजवायचं नाही. वाजवलं तं पावलापावलावर चना द्या लागंन, अन् पोरगी मांडवात म्हातारी होईन." त्यामुळे माझी मिरवणूक गावातून मुक्यानं गेली. पुढे बा, घोडीवर मी, मागे सगळी वस्ती. मधल्या रस्त्यावर फक्त याडीच्या टापा वाजत होत्या. दोन्हीकडच्या ओट्यांवर माणसं उभी होती.

मोठ्या ओट्याच्या घरासमोर आलो. बा ज्यांच्या वावरात राबत होता, ते हे घर. त्या घरचा धाकटा मुलगा खांबाला टेकून उभा होता. शाळेत तो माझ्याच वर्गात होता. तो आत पुढच्या पाटावर बसायचा, मी दाराशी. त्यानं हातातली लवंगी फटाक्यांची माळ पेटवली आणि घोडीच्या पायांत टाकली. त्याला कोणी सांगितलं होतं की त्यानं आपल्याच मनानं टाकली, हे मला आजही माहीत नाही.

मी अयाळ घट्ट धरली आणि डोळे मिटले. खालून बाचा आवाज आला, "श्वास सोड." मी सोडला. याडीच्या अंगातून एक शहारा गेला, खांद्यापासून शेपटीपर्यंत. माळ तडतडत होती, धुरानं नाक भरलं होतं, आणि ती उभी होती. मी डोळे उघडले तेव्हा तिचे कान पुढे वळलेले होते. फटाके संपले. मग ती रस्ता सोडून ओट्याकडे चालायला लागली, मला पाठीवर घेऊन, आणि सरळ त्या मुलासमोर जाऊन थांबली. त्याच्या हातात तिनं तोंड घातलं. हात रिकामा होता. दुसरा हुंगला, तोही रिकामा. मग तिनं त्याच्या छातीला नाकानं हळूच ढकललं.

तो खांबाला चिकटला. आमच्या मागची पोरं आनंदानं कुजबुजायला लागली, "चाला, चाला, झालं." मलाही वाटलं, झालं. आपण पडलो नाही, घोडी पळाली नाही, आता इथून निघावं. पण बा हलला नाही. त्यानं खांद्यावरच्या पिशवीत हात घातला आणि त्या ओट्याची एक पायरी चढला. त्या पायरीवर आमच्यापैकी कोणाचा पाय त्याआधी पडला नव्हता.

"हात पसरा, भाऊ," बा म्हणाला. याआधी त्या घराला तो 'मालक' म्हणायचा.

"कायले?"

"तुमी वाजवलं. आता चना तुमीच द्या. तिले फसवता येत नाही."

त्यानं घरात पाहिलं, लोकांकडे पाहिलं. घोडीनं त्याला पुन्हा ढकललं. त्यानं हात पुढे केला. बानं तो एका हातानं खालून धरला आणि दुसऱ्या हातानं त्यात ओंजळभर चना ठेवला. त्या घरातून आम्हाला जे मिळायचं ते नेहमी वरून पडायचं, हाताला हात न लागता.

"चावन का?" त्यानं विचारलं.

"नाही. हात सपाट ठेवा. बोटं वर करू नका."

याडीनं सगळा चना खाल्ला. तिच्या ओठांनी त्याला गुदगुल्या झाल्या आणि तो हसला. मग स्वतःच दचकून गप्प झाला. घोडी आपणहून वळली आणि वेशीकडे चालायला लागली.

माझं लग्न झालं, संसार सुरू झाला. पुढच्या उन्हाळ्यात वस्तीतल्या दुसऱ्या एका पोराचं लग्न निघालं आणि तो याडीवर बसला. या खेपेला मी पायी होतो, बाच्या बरोबरीनं. कुठं चना मिळाला ते घोडा विसरत नाही, हे आम्हाला कळायला हवं होतं. मोठ्या ओट्यासमोर ती आपोआप थांबली. ना फटाका, ना आवाज. दार बंद होतं. नवरदेवानं टाचा मारल्या, मी लगाम ओढला, ती ढिम्म. कोणीतरी म्हणालं, "पिशवीतला द्या अन् चाला." बानं मान हलवली. "थांबू थोडं," म्हणाला.

उन्हात आम्ही सगळे त्या बंद दाराकडे पाहत उभे राहिलो. मला त्या दाराची भीती वाटत होती. आत्ता ते उघडलं आणि कोणी शिवी घातली, तर मागच्या वर्षी मिळालेलं सगळं जाईल असं वाटत होतं. मग आतून कडी वाजली. तोच धाकटा मुलगा बाहेर आला, कोणाकडेही न पाहता पायऱ्या उतरून घोडीसमोर उभा राहिला आणि हात पुढे केला. तळहात सपाट होता आणि त्यावर चना होता.

बा थोडा पुढे वाकला आणि त्यानं त्या चन्याकडे निरखून पाहिलं. तो टम्म फुगलेला होता.

"रातीच भिजू घातलेला दिसते," बा मला हळूच म्हणाला, आणि तोंड फिरवून कितीतरी वेळ घोडीची अयाळ बोटांनी विंचरत राहिला.