टेकूसाहेबांची फळी

बस डेपोच्या स्टोअरमध्ये गिअरबॉक्सपासून वायसरपर्यंत सगळं जागच्या जागी ठेवणाऱ्या या गृहस्थांना लोक पाठीमागे टेकूसाहेब म्हणत. कारण उघड होतं. डुगडुगणाऱ्या टेबलाखाली पुठ्ठा, खिडकीला लाकडाचा तुकडा, रेडिओच्या मागे वीट; टेकू दिल्याशिवाय त्यांचा कशावरच विश्वास बसत नसे. बोलतानासुद्धा "म्हणजे तसं बघायला गेलं तर" हा टेकू लावल्याखेरीज त्यांचं वाक्य उभं राहत नसे.

अशा माणसाच्या हातची फळी पडावी, हा दैवदुर्विलासच. स्वयंपाकघराच्या दाराशेजारी भिंतीत एक खोल, जमिनीपासून माणसाएवढा उंच कोनाडा होता. त्यात त्यांनी फळी बसवली, बायकोने आपलं ओतीव लोखंडाचं शिलाई मशीन वर ठेवलं, आणि तिची भाजी चिरून व्हायच्या आत ते खाली आलं. खिळे नुसत्या गिलाव्यात होते. मशीन वाचलं, पण हँडल वाकलं. तेव्हापासून ते जेवणाच्या टेबलावर मुक्कामाला होतं आणि माणसं त्याच्या कडेकडेने जेवत होती.

"माझ्या आईचं मशीन आहे हे," बायकोने बजावलं होतं. "तुमच्या फळीवर पुन्हा चढणार नाही."

हे टेकूसाहेबांच्या जिव्हारी लागलं. एका रविवारी त्यांनी पुन्हा काम काढलं. या खेपेला विटेत खोलवर भोकं पाडून कोनाड्याच्या तिन्ही भिंतींना जाड पट्ट्या आवळल्या आणि त्यांवर कमरेच्या उंचीला दणकट फळी ठेवली. मेव्हणा खुर्ची ओढून तमाशा बघत बसला.

स्क्रूचं डोकं बाहेरून दिसता कामा नये, असा त्यांचा हट्ट. म्हणून ते फळीखाली शिरले, जमिनीवर बसून खालून स्क्रू पिळले आणि शेवटी सवयीप्रमाणे फळीच्या पुढच्या कडेला मधोमध एक जाड टेकू उभा केला. तोही आतूनच घट्ट बसवला.

"भावजी, या आता बाहेर. चहा झालाय."

टेकूसाहेबांनी डावीकडून प्रयत्न केला. खांदा गेला, पोट राहिलं. उजवीकडून पोटाने खांद्यालाही जाऊ दिलं नाही.

"ताई, धाव! भावजींनी स्वतःलाच स्टोअरमध्ये जमा करून घेतलंय!"

बायको पदराला हात पुसत आली. "अहो, मग काढा ना तो टेकू."

"काढतो. म्हणजे तसं बघायला गेलं तर काढायला हरकत काहीच नाही. पण आधी मशीन ठेव वर."

"तुम्ही खाली असताना?"

"म्हणूनच. पडलंच तर माझ्या डोक्यावर पडेल. हँडलला धक्का लागायचा नाही."

हा मुद्दा तिला पटला. बहीण-भावाने मशीन उचलून फळीवर ठेवलं. फळीने हूं की चूं केलं नाही. बायकोने ती दोन्ही हातांनी दाबून पाहिली.

"बरी दिसतेय. या आता बाहेर."

टेकूसाहेबांना घाम फुटला. टेकू काढायचा तो वर मशीन असताना! "जरा उचला ते," हे शब्द अगदी ओठांवर आले होते. पण ते तोंडातून निघाले असते, तर मशीन थेट जेवणाच्या टेबलावर गेलं असतं आणि तिथून जन्मात हललं नसतं. त्यांनी डावा तळहात फळीला खालून लावला, डोळे मिटले आणि उजव्या हाताने स्क्रू सोडवले. टेकू निघाला. फळी तसूभर हलली नाही. मग त्यांनी तळहातही काढला, एकेक बोट करून.

"झोपलात की काय आत?" बायको म्हणाली.

त्या दुपारी मंडळी टेबलाच्या मधोमध ताटं मांडून जेवली. मेव्हण्याने तर कोपर पसरून घेतले. जेवण झाल्यावर टेकूसाहेब गुपचूप उठले आणि टेकू परत जागेवर लावू लागले. या वेळी बाहेरून. स्क्रूची डोकी लख्ख दिसत होती.

बायको मागे येऊन उभी राहिली. आता ऐकावं लागणार, म्हणून त्यांनी मान खाली घातली.

"तो वरचा स्क्रू अर्धाच राहू द्या," ती म्हणाली. "माझी मापाची टेप अडकवायला होईल."