धरणाच्या पायथ्याचा औलिया

शिलिक्तीच्या धरणावर बेकतुरगान एक्केचाळीस वर्षं राखणदार होता. आधी सरकारी फार्मचा, आणि फार्म मोडून धरण विकलं गेल्यावर कायरकेनचा. घोडा विकताना खोगीर सोबत द्यावं, तसा तो धरणाबरोबर नव्या मालकाकडे गेला. पाण्याची उंची, गळती, जादा पाण्याचा सांडवा रोज बघायचा, तळ्याचं पाणी सोडायच्या मोरीच्या चाकाला ग्रीस लावायचा आणि बोलायचा जेमतेम. गावात त्याला मुका म्हणत. मुका कसला? बोलण्यासारखी एकच गोष्ट त्याच्यापाशी होती आणि ती त्याने गिळली होती.

धरण बांधलं तेव्हा तो बावीस वर्षांचा होता, भरावावर रोलर चालवायचा. वर्ष संपायच्या आत काम पुरं झालंच पाहिजे, असा वरून हुकूम आला. डिसेंबरात माती दगडासारखी गोठते. गोठलेली ढेकळं भरावात घालू नयेत हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण हुकमापुढे शहाणपण चालत नाही. ओढ्याच्या जुन्या पात्रावर ढेकळं पडली, बेकतुरगानने त्यांवरून रोलर फिरवला, ढोल वाजले, त्याला छातीवर लावायला बिल्लाही मिळाला. ढेकळांतला बर्फ वितळल्यावर आत पोकळी राहिली. तिसऱ्या वर्षी पायथ्याशी बोटभर धारेचा पाझर फुटला. पाणी काचेसारखं निवळ होतं.

तुरुंगाच्या भीतीने तो गप्प बसला. पुढे गावातल्या एका म्हातारीच्या स्वप्नात पांढऱ्या दाढीचा बाबा आला. त्या पाण्याने डोळे धुतल्यावर तिला म्हणे नीट दिसू लागलं. झालं! पाझराचा औलिया झाला. शेजारच्या विलोच्या झाडाला चिंध्या बांधल्या जाऊ लागल्या. झाड पवित्र, म्हणून ते तोडायचं नाही. त्याची मुळं खुशाल भरावात शिरत राहिली.

तरी बेकतुरगानने तोंड उघडलं असतं, पण मध्ये कुलपाश आली. ही त्याची बायको. लग्नाला आठ वर्षं झाली तरी पाळणा हलला नव्हता. तिने निळ्या रुमालाची पट्टी फाडून विलोला बांधली, चाळीस दिवस ते पाणी प्यायली आणि वर्षाच्या आत लेक झाली, तुमार. त्यानंतर दर शुक्रवारी मेलेल्यांच्या नावाने तळलेल्या सात पोळ्यांतली एक ती पाझरापाशी ठेवून यायची. पोरीला कडेवर घेऊन तिथे वाकणाऱ्या बायकोला काय सांगायचं? की अगं, हा तुझ्या नवऱ्याने केलेला घोटाळा आहे? त्याच्याने ते झालं नाही.

तुमार आता एकतीस वर्षांची होती, दोन मुलांची आई. तिचं घर गावाच्या वरच्या टोकाला, धरणाखालच्या ओढ्याच्या अगदी काठावर होतं.

त्या साली बर्फ भरपूर पडला आणि मार्चमध्ये एकदम वितळला. कायरकेनने कांद्याच्या पिकासाठी जास्त पाणी अडावं म्हणून दोन वर्षांपूर्वीच सांडव्यात फळ्या ठोकल्या होत्या. पाणी त्या फळ्यांना येऊन टेकलं.

एका सकाळी कुलपाशने पाझराची बादली आणून चहा टाकला. बेकतुरगानने बादलीत बघितलं. पाणी गढूळ होतं. त्याने हात तळाशी घातला, तर चिमूटभर पिवळी माती बोटांना लागली. ती भरावाची माती त्याने डोळे मिटूनही ओळखली असती.

"औलिया रागावलेत," कुलपाश म्हणाली. "कोणीतरी विटाळ केला असणार."

तो तसाच उठून कायरकेनकडे गेला.

"फळ्या काढ. मोरीच्या चाकाला घातलेल्या साखळीची किल्ली दे. तळं निम्मं तरी उतरवलं पाहिजे."

"आणि जुलैत कांद्याला काय तुमचा घाम घालू, आगा?" कायरकेन हसला. वयाचा मान म्हणून तो त्याला आगा म्हणायचा. माणूस वाईट नव्हता. तुमारच्या लग्नात त्याने घोडा दिला होता. "एक्केचाळीस वर्षं उभं आहे ते. खाली औलिया बसलाय राखायला."

"पाणी माती घेऊन येतंय."

"सगळ्या गावालाच कळलंय ते. उद्या दुपारी तिथे कुर्बानी करू, सगळं गाव येईल. मेंढा माझ्याकडून. तुम्ही फक्त सरपण आणा."

संकट आलं की सगळ्या गावाने एकत्र जमून मेंढा कापायचा, एका कढईतलं खायचं, ही वाडवडिलांची रीत. आणि या वेळी गाव जमणार होतं ते नेमकं त्या भरावाच्या पोटाखाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बेकतुरगान धरणाच्या माथ्यावर उभा राहिला. एका हाताला काठोकाठ तळं. दुसऱ्या हाताला, खाली, सगळं गाव: सतरंज्या, कढया, म्हाताऱ्या, रांगणारी पोरं. तुमार पाझराजवळच बसली होती, धाकटी मांडीवर. धार आता मनगटाएवढी झाली होती आणि तिचा रंग दुधाच्या चहासारखा होता.

तो खाली उतरला. गावातले वडीलधारे, अक्सकाल इमानगाझी दुवा मागायला हात वर करणार, इतक्यात तो म्हणाला, "थांबा. हा औलिया नाही."

सगळे वळून बघू लागले.

"या भरावातली ढेकळं मी दाबली होती. गोठलेली. भर डिसेंबरात. हे पाणी तळ्यातलं आहे, आणि आता ते धरण आतून खातंय. उठा इथून. आत्ता."

"अरे वा! मुक्याला वाचा फुटली!" कोणीतरी म्हणालं. दोघेतिघे हसले.

"एक्केचाळीस वर्षं काय तोंडात मूग धरून बसला होतास?" इमानगाझी कडाडले. "आणि आज औलियाच्या दारात येऊन ही निंदा?"

"लाजेनं बसलो होतो, अक्सकाल. भीतीनं बसलो. मला काय शिव्या द्यायच्या त्या द्या, पण वर चढून द्या."

कोणीही उठलं नाही. कायरकेन म्हणाला, "आगांचं वय झालंय, बसा सगळे."

तेव्हा कुलपाश उठली. ती नवऱ्याकडे गेली नाही, झाडाकडे गेली. इतक्या चिंध्यांतून तिने आपली बरोबर शोधली. निळा रंग उडून राखाडी झाला होता. गाठ सुटेना, तेव्हा तिने ती दातांनी सोडली. मग तुमारच्या मांडीवरची पोर उचलली आणि मागे न बघता बाजूची टेकडी चढू लागली. "चल गं," एवढंच ती लेकीला म्हणाली.

या पाण्याला तिच्याइतकं मानणारं गावात कोणी नव्हतं, हे प्रत्येकीला ठाऊक होतं. एक बाई उठली, मग दुसरी. बायका उठल्यावर पुरुषांना बसून राहणं जड गेलं. कढई तिथेच उकळत राहिली.

बेकतुरगानने घणाने मोरीची साखळी तोडली आणि चाक फिरवलं. कायरकेन दोन पावलं धावून आला खरा. पण त्याची नजर पायथ्याकडे गेली. विलोच्या बुंध्याशी हातभर जमीन खचली होती आणि झाड एका अंगाला कललं होतं. त्याने कोट काढला आणि सांडव्यातल्या फळ्या उपटायला धावला.

तळं उतरायला नऊ दिवस लागले. सातव्या दिवशी औलिया आटला. पायथ्याशी ओलसर डाग तेवढा उरला.

उन्हाळ्यात कांदे जळाले. "धरण फुटलंच नसतं," असं म्हणणारे पुष्कळ निघाले. फुटलं असतं तर तसं म्हणायला ते उरले नसते, पण हे त्यांना कोण सांगणार? बेकतुरगानची नोकरी गेली, आणि तिच्याबरोबर राखणदाराचं घरही.

तो आणि कुलपाश लेकीच्या घरी राहायला आले. कितीतरी दिवस कुलपाश त्याच्याशी कामापुरतंच बोलत होती. एके दिवशी विहिरीच्या खारट पाण्याचा चहा पिता पिता तुमारने विचारलं, "आई, मग मी कुणाच्या नवसाची गं?"

बेकतुरगानने पेला खाली ठेवला. त्याला वाटलं, आता धरणी पोटात घेईल तर बरं.

कुलपाश म्हणाली, "त्या पाण्यानं तुला दिलं, असं मी मानत आले. पण ते तुला परत न्यायला आलं होतं, ते मी डोळ्यांनी बघितलं. आणि ह्यांनी ते सांगितलं. उशिरा, पण सांगितलं."

आणि तिने त्याच्या पेल्यात चहा ओतला.