मोठीला दिली असती

"विहिरीत बघा, आधी विहिरीत बघा कोणतरी!" मी अंगणातून ओरडत होते, काखेत बारका रडतोय, पदर कुठं हाय कळत नाय, आणि माझी पोरगी घरात नाय, गोठ्यात नाय, शेजारणीच्या पडवीत नाय. दीर विहिरीवर वाकून बघत होता. सासू सारखी विचारत होती, "अगो, तू तिला काय बोललीस काय?"

मी नाय म्हणले. तिला मी काय बोललेच नव्हते. जे बोलले ते दिराला, त्या कार्टूनवरनं.

दीर मुंबईला कॉलेजात. सुट्टीत पोलादपूरला वाडीवर आला की सीड्या घेऊन यायचा. जपानी कार्टून. खाली इंग्रजी अक्षरं, मी सातवीपर्यंत गेलेली, तीपण कशीबशी. तो वाचून आपल्या बोलीत सांगायचा. मी हसले आधी, पोरांचं काय बघायचं म्हणून. पण ते पोरांचं नव्हतंच. सगळं जग जळलेलं, उरलेली माणसं एका शहरात, वर लोखंडाचं छत, ऊन म्हणून नाय. ते शहर चालायला दर घरानं एक पोर द्यायचं. नाय दिलं तर त्या घराचा वारा बंद, सगळे गुदमरून मरणार. त्यात एक बाई, तिला दोन पोरं. ती मोठीला न्हाऊ घालते, वेणी घालते आणि दारात आलेल्या माणसांच्या हातात देते. रडत पण नाय.

दीर म्हणाला, "वहिनी, राक्षसीण हाय ही. हिला स्वतःचा जीव प्यारा."

"तुमाला काय कळतंय भावजी, तुमचं अजून लगीन नाय."

"पळून जायचं ना तिनं!"

"कुठं? कशेडी घाटात उभी राहून ट्रकला हात दाखवील काय? वर छत हाय तिच्या."

तो हसला. "बरं, मंग रडली कशी नाय?"

"ती रडली असती तर पोर घाबरली असती. तिच्या पोटात काय चाललंय ते तुमाला दिसत नाय, मला दिसतंय."

"अहो, गोष्टच ती हाय. सगळे मुकाट देतात म्हणून ते शहर चालतंय. एकानं तरी नाय म्हणायचं!"

"पयलं कुणी म्हणायचं? जिच्या मांडीवर तान्हं हाय तिनं?"

"तुम्ही काय केलं असतं?"

"मी पण मोठीला दिली असती. मोठी समजूतदार असते, कुठंपण राहील. बारक्याला जगवायला नको?"

आणि मला एवढं बरं वाटलं. ह्या घरात मला कोण विचारतं, तुला काय वाटतं म्हणून? मी जिंकलेच जशी. मागं वळून बघितलंच नाय. पोरगी उंबऱ्यावर बसून चिंचोके खेळत होती.

आमच्यात दुसरं पोर झालं की मोठं आजोळी ठेवतात. मी पण मामाकडेच वाढले. पोरीला शिवथरला माझा भाऊ नेणार होता, शाळेत नाव तिकडंच घालायचं. हे बोलणं झालं त्याच दिवशी तो यायचा होता. तिची पिशवी भरून ठेवलेली. आणि सकाळीच मी तिला न्हाऊ घालून वेणी घातलेली.

सासूला ती सापडली. भाताच्या रिकाम्या कणगीत, गुडघे पोटाशी घेऊन बसलेली.

"बाहेर ये गो," मी म्हणले.

"मामा आला काय?"

"अगो, ती नुसती चित्रं हायत. खोटी."

"पण तू म्हणलीस."

केसांत भाताचा कोंडा. तो झाडत मी खाली बघत राहिले. सासू हसली, दिराला म्हणाली, "तुझ्या कार्टूनानं पोरीला येडं केलंस रे!"

तेवढ्यात भाऊ जीप घेऊन आलाच. पडवीत सासऱ्यांजवळ बसला, पाणी प्याला. सासऱ्यांसमोर मी तोंड उघडत नाय, आणि नवरा महाडला कंपनीत. मी चुलीकडं जाऊन सासूला हळूच म्हणले, "आत्या, ह्या वर्षी नको पाठवूया."

"आणि लावणीला? दोघांना पाठीला बांधून चिखलात उतरशील?"

मी बारक्याला काखेत घेऊन पडवीत आले.

पोरीनं स्वतःच पिशवी उचलली. माझा हात ओढून मला खाली वाकवलं आणि कानात विचारलं, "आई, मी गेले की बाळाला काय होणार नाय ना?"

तिला जवळ घेऊन सांगायचं होतं, तू नाय गेलीस तरी काय होत नाय. पण मंग ती म्हणाली असती, तर मी कशाला जाऊ?

"नाय होणार," मी म्हणले.

तेवढं ऐकून ती शहाण्यासारखी जीपमध्ये जाऊन बसली. मी रडले नाय, ती घाबरेल म्हणून. दीर खांबाला टेकून माझ्याकडंच बघत होता. त्याच्याकडं मान वर करून बघायची माझी अजून हिंमत होत नाय.

भाऊ दारात, सासरे पडवीत, काखेत तान्हं, आणि पोरगी विचारतेय. तुम्ही माझ्या जागी काय केलं असतंत?