खलाच्या पोटातली खडबड

थायलंडच्या किनाऱ्यावरचं आमचं आंग सिला म्हणजे पाथरवटांचं गाव, आणि तिथे दगडाला हात न लावलेला माणूस म्हणजे मीच. चाळीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, आणि शब्दांचा कीस पाडायची खोड काही सुटली नाही. म्हणून ऑस्ट्रेलियातल्या एका दुकानाचा कागद माझ्या गळ्यात पडला. आमच्या शेजारच्या पाथरवट थविनदादाने घडवलेल्या प्रत्येक दगडी खलाचं पोट कसं आहे ते थाई आणि इंग्रजीत लिहायचं होतं. लिहिलं एक आणि निघालं दुसरं, तर पुढची मागणी बंद.

आमच्याकडे शब्दांना तोटा नाही. बोटाला चरचरतं ते साक, उंचसखल लागतं ते ख्रुख्रा, टेंगळं आली की तापुम-तापाम, कडेला दाते पडले की याक. इंग्रजीत मला रफ, अनइव्हन, नॉच्ड एवढे आठवले आणि गाडी अडली. कुठला शब्द कुठल्या खलाला, ते दादालाच विचारायचं ठरवलं.

त्याने तीन खल ओळीने मांडले. पहिल्यात बोटं फिरवून म्हणाला ख्रुख्रा, दुसऱ्यात म्हणाला साक. मी दुसऱ्यात सहज हात घातला, तर आत चक्क टेंगळं होती. पुन्हा बघ म्हटल्यावर तो फणकारला.

"तू खडू धरलास, मास्तर. छिन्नी मी धरली."

मलाही राग आला. साठी उलटली म्हणून माझी बोटं काही मेली नव्हती. तेवढ्यात त्याच्या बोटातून रक्त ठिबकताना दिसलं. दगडाची कपची आत रुतली होती आणि त्याला पत्ताच नव्हता. तो तिसऱ्या खलात बोटं फिरवतच होता.

त्याची बायको, लमियतवहिनी, स्वयंपाकघरातून आली. तिने कपची काढली, बोट पुसलं आणि त्याला खलांकडे पाठ, समुद्राकडे तोंड करून बसवलं. मग प्रत्येक खलात लसणाची एकेक पाकळी टाकून ती कुटू लागली. गुळगुळीत खलात पाकळी उडते, खडबडीत खलात जागीच चेचली जाते. दादा डोळे मिटून ऐकत होता.

"पहिला ख्रुख्रा," तो म्हणाला. "दुसरा तापुम-तापाम, उजवीकडे दोन घाव राहिलेत. तिसरा साक."

मी दुसऱ्याच्या उजव्या अंगाला बोट लावलं. दोन टेंगळं तिथेच होती. माझी मान खाली गेली.

ह्याच्या बोटांना कळेनासं कधीपासून झालं, असं मी वहिनीला हळूच विचारलं.

"तीन वर्षं झाली," ती म्हणाली. "शेजारणी म्हणतात, ह्यांच्या घरात लसूण फार लागतो."

मी तिन्ही शब्द लिहिले, इंग्रजीत जमतील तसे. कागदावर कारागिराच्या नावासाठी एकच ओळ होती. तिथे मी थविन लिहायला घेतलं, तर त्याने माझं मनगट धरलं. त्याची पकड अजून दगडासारखी होती.

"आधी तिचं लिही," तो म्हणाला. "हात माझे आहेत. बोटं तिची."