दीड तासाची दुबई

दुबईला निघालो तेव्हा डहाणूच्या आमच्या घरापुढे गाडी उभी होती आणि आई सगळ्या गल्लीसमोर बॅगेत तिसऱ्यांदा जवळच्या चिंचणी गावचे पापड कोंबत होती. बाबा भूगोलाचे निवृत्त शिक्षक. त्यांनी पाठीवर हात ठेवून एवढंच सांगितलं, "उतरल्यावर घड्याळ मागे कर."

मी केलं. दहाला मुंबईहून उडालो आणि तिथल्या घड्याळात साडेअकराला उतरलो. लगेच फोन लावला. "आई, दीड तासात दुबई. आपल्याला मुंबई गाठायला याहून जास्त वेळ लागतो." मागून बाबा ओरडत होते, "अगं, तीन तास. तिथलं घड्याळ मागे असतं." पण आईने तोवर गल्लीभर दीड तास वाटला होता. मलाही तो इतका आवडला, की दोन वर्षं तेच सांगत राहिलो. रोज फोन करताना मात्र दीड तास न चुकता मिळवायचो.

मग मनूचं, माझ्या धाकट्या बहिणीचं, लग्न ठरलं. नवरा प्रकाश, वाणगाव स्टेशनात तिकीट खिडकीवर. लग्नात नवरदेवाचा कान पिळायचा मान नवरीच्या भावाचा, आणि भाऊ मी एकटाच. मला सुट्टी मिळाली ती लग्नाच्याच दिवसापासून. सकाळी सहाचं विमान, साडेसातला मुंबई, साडेदहाला डहाणू, लग्न साडेअकराचं. हिशोब चोख होता. तिकिटावर उतरायची वेळ छापलेली होती, ती वाचायची गरज मला वाटली नाही.

मुंबईला उतरलो तेव्हा साडेदहा वाजले होते: तीन तास प्रवासाचे, वर दीड तास घड्याळाचा. भूगोलाच्या मास्तरांचा मुलगा रेखांशात आपटला होता.

चारोटीच्या फाट्यापर्यंत हायवेवर मी ड्रायव्हरला एवढे सल्ले दिले, की शेवटी त्याने स्टिअरिंग मलाच देऊ केलं. तिकडे मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, लाह्यांच्या होमात कान पिळायची वेळ आली. भटजींना पुढे बोईसरला दुसरं लग्न होतं. "चुलतभावाने कान पिळला तरी चालतं," ते म्हणाले. चुलतभाऊ बाह्या सरसावून पुढेही आला. मनूने लाह्यांचं सूप मांडीवर ओढलं. "दादा आल्याशिवाय मी उठणार नाही." आणि प्रकाशने कानावर हात ठेवला. "हा कान रिझर्व्ह आहे. गाडी लेट असली तर थांबायची सवय आहे मला."

दोन वाजता मी बूट भिरकावत मांडवात शिरलो. शेजारच्या हंसाबेन म्हणाल्या, "आवी गयो, दीड तासवाळो." बाबांनी नुसतं आपल्या मनगटावरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. माझं अजून दुबईतच होतं.

"जोरात पिळा, दादा," प्रकाश म्हणाला. "वाट बघून बधिर झालाय."

मी पिळला, आणि रडलो मीच. नवरदेव माझी समजूत काढत होता.

तुम्हीही गाव सोडलं असेल, तर किती लांब आलो याचा हिशोब तुम्हीही करत असाल, आणि मागे राहिलेल्यांना तो दिवसांत, तासांत सांगत असाल. मी आता सांगत नाही. त्या भरल्या मांडवात माझ्यापेक्षा दांडग्या हाताची वीस माणसं होती. तरी मनूने आणि प्रकाशने माझ्या वाटणीचं एवढंसं काम कुणाला करू दिलं नाही, मी येईपर्यंत तसंच ठेवलं. मला घर म्हणजे तेवढं कळलंय.