सुईवाले डाक्टरसाब

कळमनुरीत एखाद्या बाईला 'सोशीक' म्हणणं म्हणजे तिची मोठी तारीफ. आमच्या डाक्टरसाबांसमोर मात्र हा शब्द काढायची सोय नव्हती. "सोशीक काय सोशीक! दुखून राहिलं तिला, अन् कौतुक तुम्हाला!" असं म्हणून ते समोरचा चहा तसाच टाकून उठत.

माझ्या मायच्या छातीत गाठ होती. ती बरी होण्यातली नाही, हे डाक्टरसाबांनी आम्हाला स्पष्ट सांगितलं होतं. दुखणं असलं भयंकर, की अंगावर पांघरूणसुद्धा सहन होत नसे. डाक्टरसाबांकडे मॉर्फियाची सुई होती, पण काका आडवे आले. "ज्याला ज्याला सुई दिली तो गेलाच, डाक्टरसाब. आमाला न्हाई पाहिजे." काका काही खोटं बोलत नव्हते. लोक सुईला इतके भ्यायचे, की माणूस अगदी टेकीला आल्याशिवाय ती देऊच द्यायचे नाहीत. मग तो जायचाच, आणि नाव सुईचं व्हायचं!

डाक्टरसाब वाद घालत बसले नाहीत. सरळ आत जाऊन मायच्या खाटेपाशी खालीच बसले. "बाई, दुखणं तुमचं. तुमी सांगा."

माय माझ्याकडं बघत म्हणाली, "लेकीशी बोलायचंय. सुद राहील का?"

"झोप लागंल. उठल्यावर बराबर बोलाल."

"मंग द्या."

तोवर तिला कुणी विचारलंच नव्हतं हो! ती झोपली, तर काका तिच्या नाकाशी बोट धरून श्वास बघत बसले. ती उठली ती गरम भाकरी मागतच. त्यानंतर डाक्टरसाबांना बोलवायला काका स्वतः जाऊ लागले.

पुढं निजामावरच्या पोलीस ॲक्शनच्या आधी रस्ते बंद झाले, हैदराबादहून मॉर्फिया येईना. शेतात जाताना बायका तान्ह्या लेकरांना अफू चाटवून निजवायच्या. त्यावरून डाक्टरसाब त्यांच्याशी वर्षानुवर्षं कडाकडा भांडले होते. आता त्याच बायकांच्या दारात जाऊन ते अफू मागू लागले.

"आता काहून पाहिजे?" एकीनं फणकाऱ्यानं विचारलं.

"माझ्याजवळचं संपलं म्हणून. लेकराला देऊ नका, मला द्या."

बायकांनी कनवटीच्या पुरचुंड्या सोडल्या. अशी चोरून अफू घेतल्याचं आबकारीवाल्यांना कळतं तर दवाखानाच बंद झाला असता. डाक्टरसाब ती अफू तोलून, पाण्यात कालवून मायला स्वतःच्या हातानं पाजत.

एका दुपारी माय गेली. ओरडत नाही, माझ्याशी बोलता बोलता गेली. डाक्टरसाब तेव्हा परगावी होते. ते आले तोवर माणसं मसणवट्यातून परतली होती.

"शेवटी काय म्हणाली?" त्यांनी मला विचारलं.

मला रडू आवरेना. "डाक्टर आले की जेवून जा म्हणावं, म्हणाली."

घरात सुतक, चूल पेटलेली नव्हती. शेजारणीनं पिठलं-भाकरी आणून ठेवली होती. डाक्टरसाबांनी हातपाय धुतले आणि सगळ्यांच्या देखत मांडी घालून बसले. काकांनी त्यांना वाढलं.