बंधाऱ्याचं दार

वांगणीजवळच्या ओढ्यावर बंधारा झाला, तेव्हा त्याचं लोखंडी दार उघडायचं-लावायचं काम गोमाकडे आलं. त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात दार लावलेलं असूनही साठलेलं पाणी रोज उतरू लागलं. गोमाला संशय आला तो खालच्या अंगाला भेंडी लावणाऱ्या ठमीचा. तिचं शेत भर उन्हातही ओलं दिसायचं. त्याने तिच्याशी बोलणं टाकलं आणि एका सकाळी करवंदीच्या जाळीआड दबा धरून बसला.

ठमी आली ती पेंढा आणि चिखलाची पाटी घेऊन. ती दाराच्या बुडाशी वाकली, तसा गोमा ओरडत बाहेर आला.

"सापडलीस! पाणी चोरतेस?"

"चोरते? गोमादादा, या पाण्यानं माझ्या भेंडीची मुळं कुजली. म्हणून खालची फट बुजवायला आले. खालच्या फार्महाऊसवाल्यांना पाणी मिळावं म्हणून तूच दार थोडं उचलून ठेवतोस ना?"

गोमाने वाकून दाराखाली पाहिलं. त्याने चाक फिरवून दार वर घेतलं, तसा खाली अडकलेला धोंडा पाण्याच्या लोंढ्यात निघून गेला. दार खाली सोडल्यावर ते तळाला नीट टेकलं आणि पाणी थांबलं.

ठमी पाटी उचलून निघून गेली. तिच्याशी पुन्हा बोलायला गोमाला भातलावणी उजाडली.